भोपळ्याच्या वाटेने मिरजेला

भीमेकाठचं बेगमपूर. या भागातल्या शेतांत पिकणारा हा भोपळा भाजीचा नव्हे. चवीला कडू, सालीला जाड. तो वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. आत बिया खुळखुळायला लागल्या की सतारी-तानपुरे घडवण्यासाठी त्याची रवानगी मिरजेला. आमच्या गाडीत तंबू आहे, स्टोव्ह आहे, शिधा आहे, आणि आम्ही त्याच भोपळ्याच्या वाटेने निघालोय. मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ.

मुक्काम दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी. शेतमालकांनी बांधालगतची जागा दिली, वर पिठलं-भाकरीचाही आग्रह केला. सकाळी तंबू गुंडाळला, की मिरज हाकेच्या अंतरावर.

मिरज म्हटलं की लोकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं, नाहीतर दवाखाने. पण सतारमेकर गल्लीत पाऊल टाकलं की दारोदारी भोपळ्यांची चळत दिसते. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं आणि १९व्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. तोच हात आजही पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

तोंड कापलेला भोपळा पाण्यात भिजत पडतो. नरम झाला की आतला गर खरवडून काढतात. मग त्याला लाकडी गळा, दांडी, वरून तबली म्हणजे लाकडी झाकण, खुंट्या, नक्षी, पॉलिश. हे सगळं डोळ्यांना दिसतं. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं, आणि ते कानाचं आहे.

नीट पाहा. तबलीवर घोडी बसवली आहे, तिच्या माथ्यावरून तारा जातात. हा माथा सपाट नाही, त्याला अगदी हलका उतार आहे. कारागीर कानस एकदाच फिरवतो, तार परत जागेवर ठेवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा एक धागा घालून तो केसभर मागे-पुढे सरकवतो. आणि एका क्षणी ती कोरडी तार बोलू लागते. एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. याला म्हणतात जवारी काढणं. यासाठी माप नाही, पट्टी नाही. शिकायचं ते वडिलांच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षं ऐकून. मैफलीत गायकाला दाद मिळते तेव्हा त्यातला एक वाटा या माणसाचा असतो, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि मिरजेत गायकही थोर होऊन गेले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ जन्माने उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, पण त्यांनी घर केलं ते मिरजेत. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली इथेच जन्मल्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला निघालेल्या खाँसाहेबांना वाटेत गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. ते सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर उतरले, तानपुरा लावून घेतला, गायला बसले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणलं गेलं. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात इथे गायक-वादक हजेरी लावतात.

त्याआधी याच गावात एक मुलगा डोळ्यांच्या उपचारासाठी आला होता. फटाक्यांच्या दारूकामात दृष्टी अधू झालेली. मिरजेत तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ साली त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून सामान्य घरांत आलं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडे घडवलेलं वाद्य आता मिरजेच्या नावावर खपवता येणार नाही. कारागिरांच्या नव्या पिढीला याचा आधार हवाच होता. एका बटणावर सूर देणारी यंत्रं घरोघरी पोहोचली आहेत, आणि दिवसभर कानस चालवणाऱ्याची मजुरी त्यांच्याशी झुंजते आहे.

तुम्हीही या. गल्लीत कुणी कारागीर जवारी काढत असेल तर दोन मिनिटांत निघू नका, एक तार पूर्ण लागेपर्यंत थांबा. जमलं तर उरुसाच्या सुमारास या, रात्रभर ऐकायची तयारी ठेवून. आम्ही इथून नरसोबाच्या वाडीकडे निघालोय. कृष्णा-पंचगंगेच्या संगमापलीकडे कुरुंदवाड आहे, पलुस्करांचं जन्मगाव.