पर्सनल ट्रेनरच्या मुलाखतीला काय घालावे? आधी पायांकडे पाहू

नमस्कार. ‘सर, पर्सनल ट्रेनरची मुलाखत आहे, फॉर्मल घालून जाऊ की जिमचे कपडे?’ हा प्रश्न गेल्या महिनाभरात मला इतक्या वेळा आला आहे की, प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच कॅमेऱ्यासमोर बसणे बरे वाटले. अशा मुलाखतींना मी उमेदवार म्हणून गेलो आहे आणि गेली काही वर्षे ठाण्यातल्या एका जिममध्ये मास्टर ट्रेनर म्हणून टेबलाच्या पलीकडेही बसतो आहे.

सोपा भाग आधी उरकून घेतो. कॉलर असलेला, अंगाला नीट बसणारा पण चिकटून न राहणारा टी-शर्ट, गडद रंगाची ट्रॅक पँट, विंचरलेले केस आणि कापलेली नखे एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. राखाडी सुती टी-शर्ट टाळावा, कारण त्यावर घामाचे डाग लगेच उठून दिसतात. स्ट्रिंगर, म्हणजे बारीक पट्ट्यांचा, खांदे उघडे टाकणारा बनियन, घालून जाऊ नये. तुमचे दंड किती इंची आहेत हे कोणी विचारलेले नसते. आधीच्या जिमचे नाव छापलेला टी-शर्ट तर मुळीच नको. पहिली फेरी कार्यालयात आणि डेमो, म्हणजे व्यायाम करून आणि शिकवून दाखवण्याची फेरी, दुसऱ्या दिवशी असेल, तर इस्त्रीचा शर्ट आणि साधी पँट चालते. दोन्ही एकाच दिवशी आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. असे विचारले म्हणून कोणाला नोकरी नाकारल्याचे मी पाहिलेले नाही.

सैल शॉर्ट्सबद्दल मात्र थोडे थांबून सांगतो, कारण ‘उन्हाळ्यात शॉर्ट्स का नको?’ असे विचारणाऱ्या एका प्रेक्षकाने माझ्या मागच्या उत्तरावर ‘हा जुना विचार आहे’ असा शेरा मारला आहे. मेंबर बेंचवर उताणा झोपून छातीचा व्यायाम करतो, तेव्हा वजनाचा बार सांभाळण्यासाठी ट्रेनर त्याच्या डोक्यामागे उभा असतो. आता त्या मेंबरची नजर वर कुठे जाते, याचा विचार माझ्या या मित्राने स्वतःच करावा. आपण किती नव्या किंवा जुन्या विचारांचे आहोत, याचा इथे काही संबंध येत नाही.

घरातून निघण्यापूर्वी ट्यूबलाइटखाली उभे राहून फोन मागे ठेवावा आणि स्वतःचे चित्रण करत पाच पूर्ण स्क्वॉट (उठाबशा) मारावेत, दोन्ही हात डोक्यावर ताणावेत आणि कमरेतून पुढे वाकावे. पँट ताणल्यावर पारदर्शक होते का, पाठ उघडी पडते का, हात वर केल्यावर टी-शर्ट पोटावर चढतो का, हे आरशात कळत नाही, चित्रणात कळते. एवढे झाले की कपड्यांचा विषय माझ्या दृष्टीने संपला.

आता बूट. (बूट हातात घेऊन) आजचा व्हिडिओ खरे तर यासाठीच आहे. मुलाखत घेताना मी उमेदवाराकडे खालून वर पाहतो.

पहिले कारण वजनाचे. आपल्याकडे बहुतेक मुले धावण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट घालून येतात. धावताना बसणारा धक्का शोषून घेण्यासाठी तो फोम असतो, आणि त्यासाठी तो उत्तम आहे. पण वीस किलोच्या बारवर वजन चढवून तुम्ही स्क्वॉट दाखवायला उभे राहता, तेव्हा तोच फोम एका बाजूला दबतो आणि टाच डगमगते. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ असे तळव्याचे तीन बिंदू जमिनीला घट्ट टेकलेले हवेत, हे तुम्ही मेंबरला शिकवणार आणि तुमचेच तीन बिंदू स्पंजावर उभे, हे बरोबर दिसत नाही. सपाट, कडक तळव्याचे साधे ट्रेनिंगचे बूट घ्यावेत. उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूटही डेमोला नकोत, कारण तुम्हाला पाठोपाठ लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे) किंवा उड्या दाखवायला सांगितले जाऊ शकते.

दुसरे कारण चिखलाचे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रस्त्यावरून कोरडा बूट जिमपर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेरचे बूट फ्लोअरवर चालणार नाहीत असा नियम अनेक जिममध्ये असतो. म्हणून जिमचे बूट वेगळ्या कापडी पिशवीत न्यावेत आणि तिथे पोहोचल्यावर बदलावेत. कोल्हापूरच्या एका प्रेक्षकाने लिहिले आहे, ‘आमच्या तालमीत लंगोट कसला की झाले, तुमच्या बुटांचे कौतुक कशाला?’ मला त्यांचे म्हणणे मनापासून पटते, फक्त तालीम माझा मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करते. हळद, ताक आणि तेल घालून मळलेल्या त्या मातीत रस्त्यावरच्या चपला घालून कोणी उतरले, तर वस्ताद काय करतील हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता माझी गोष्ट. साल २०१४, जुलै महिना. डोंबिवलीहून लोकल पकडून मी एका जिममध्ये मुलाखतीला गेलो होतो. त्या जिमचे नाव सांगत नाही. नवा टी-शर्ट होता, पँटला मी इस्त्रीसुद्धा केली होती. स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी होते. जिमच्या दारात मला बूट काढून ठेवायला सांगितले गेले आणि दुसरा जोड माझ्याकडे नव्हता, त्यामुळे डेमो मोज्यांवर द्यावा लागला. मुलाखत घेणारे गृहस्थ म्हणाले, ‘मी मेंबर आहे असे समजा आणि मला प्लँक शिकवा.’ प्लँक म्हणजे कोपर आणि पायांची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरणे. ते कोपरांवर टेकले आणि मी त्यांच्या डोक्याशी उभा राहून, शाळेत पाठ केल्यासारखा, पोट आवळा, कंबर खाली सोडू नका, असे सांगू लागलो. साधारण वीस सेकंदांनी माझ्या लक्षात आले की त्यांची नजर एका जागी खिळली आहे. उजव्या मोज्याला भोक होते आणि त्यातून माझा ओला अंगठा त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर बाहेर आला होता. मी हळूच डावा पाय त्यावर ठेवला, म्हणजे डेमो एका पायावर सुरू राहिला. ती नोकरी मला मिळाली नाही. अर्थात सगळा दोष मोज्याचा नव्हता. एक ग्रॅम स्निग्धांशातून किती कॅलरी मिळतात या प्रश्नाला मी नऊऐवजी चार असे उत्तर दिले होते.

पण त्या अंगठ्याने मला तिसरे कारण शिकवले, आणि ते मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. आपण आपले कपडे आरशात, उभ्याने पाहतो. मेंबर मात्र तासातला बराच वेळ जमिनीवर असतो: प्लँक, पुशअप, पोटाचे व्यायाम, शेवटचे स्ट्रेचिंग. तेवढा वेळ त्याला तुमचा चेहराही दिसत नाही आणि टी-शर्टही दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असतो तुमचा बूट, त्याची शिलाई, तळव्याच्या कडेला वाळलेला चिखल आणि लेसचे काळे पडलेले टोक. डेमोत मुलाखत घेणारा मुद्दाम मेंबर होतो, म्हणजे तोही तिथूनच पाहतो. म्हणून आदल्या रात्री जुना टूथब्रश घेऊन बुटाची कड घासावी, लेस धुवाव्यात आणि स्वतः जमिनीवर पालथे झोपून त्या बुटांकडे एकदा पाहावे. घरचे हसतील, हसू द्यावे.

मुलींकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरे माझ्या सहकारी प्रशिक्षिकेने मला लिहून दिली आहेत, ती तशीच वाचतो. ‘पुढे वाकल्यावर गळा उघडा पडणार नाही असा टी-शर्ट घ्या, आत चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा घाला, केस घट्ट बांधा. मंगळसूत्र लांब असेल तर वाकताना ते मेंबरच्या तोंडावर येते. ते घालावे की नाही हे तुम्ही ठरवा, पण घातले तर टी-शर्टच्या आत घ्या आणि वर चिकटपट्टी लावा.’ अंगठी आणि धातूचे घड्याळ मात्र मुलामुलींनी सगळ्यांनीच काढून ठेवावे. बारच्या खरबरीत भागात अंगठी अडकून बोटाला इजा होऊ शकते आणि केटलबेल (मूठ असलेला लोखंडी गोळा) मनगटावर येऊन टेकते, तेव्हा घड्याळाची काच शिल्लक राहत नाही.

अत्तराबद्दल तिघांनी विचारले आहे. बंद, वातानुकूलित दालनात दम लागलेल्या माणसाला तुमचे अत्तर खोल श्वासाबरोबर आत घ्यावे लागते, त्यामुळे साधा, मंद डिओडरंट पुरे.

आणखी एक, नवे बूट आणल्या दिवशीच घालून जाऊ नयेत. आठवडाभर घरात वापरावेत, म्हणजे टाचेला लागत नाहीत. मोजे मात्र कोरे असले तरी चालतील. पिशवीत दोन जोड ठेवा, आणि जुलै असेल तर तीन.