दोन मायक्रॉन हवेचा हिशोब

(दृश्य: कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणारं दुकान. लाकडी पॅटर्नवर पट्टी धरलेला हात.)

ही पट्टी दुकानात मिळणाऱ्या पट्टीपेक्षा लांब आहे, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना जेवढं आकसतं, तेवढं हिच्यात आधीच वाढवलेलं. दर वेळी हिशोब कसा करता, असं मिस्त्रींना विचारलं.

"हिशोब पट्टीतच हाय की. आपण नुसतं माप घ्यायचं!"

जवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये उष्णतेचं गणित असं हाताच्या सवयीत मुरलेलं आहे. आता बघणार आहोत ते चिपवरचं सूक्ष्म यंत्रही उष्णतेनं लांबी बदलण्यावरच चालतं. फक्त त्याच्यासाठी तयार पट्टी कुणी विकत नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा. पसरट व्ही आकाराची दांडी.)

पॉलिसिलिकॉनची, म्हणजे बारीक स्फटिकांनी बनलेल्या सिलिकॉनची दांडी. जाडी २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दोन्ही भुजा २००-२०० मायक्रॉनच्या, प्रत्येकीला जेमतेम २ अंशांचा कल. टोकं चिपला जखडलेली, बाकी सगळी अधांतरी. करंट सोडला की दांडी तापते, लांबते आणि बाजूला जायला जागा नसल्यामुळे मधला कोपरा पुढे सरकतो. मोटर नाही, गिअर नाही. याला थर्मल ॲक्चुएटर म्हणतात.

सरासरी तापमान ४०० अंशांनी वाढलं असं धरू. एका भुजेची लांबी पाव मायक्रॉननेही वाढत नाही. पण कल इतका कमी आहे, की भूमितीनं कोपरा सुमारे ५ मायक्रॉन पुढे जातो. वीसपट! अर्थात कागदावर. प्रत्यक्षात दांडी स्वतःही थोडी दबते, त्यामुळे सरकणं याहून कमीच भरतं.

हा भाग सोपा. अवघड प्रश्न असा, की ते ४०० अंश आले कुठून?

उष्णता किती तयार झाली, हे करंट आणि रेझिस्टन्सवरून कळतं. ती कुठे गेली, हे शोधायला फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी १८२२ साली मांडलेलं समीकरण लागतं. कास्टिंगमध्ये पोकळी कुठे पडेल, हे सांगणारी सॉफ्टवेअर फाउंड्रीवाले वापरतात, त्यांच्या पोटातही हेच समीकरण आहे.

(दृश्य: दांडीचा आडवा छेद. खाली चिप, मध्ये फट.)

पहिल्यांदा मॉडेल मांडणारा बहुतेक वेळा असं समजतो, की उष्णता दांडीतून टोकांकडे जात असेल. हवा तर उष्णतेची वाईट वाहक, पॉलिसिलिकॉनच्या जवळपास हजाराव्या हिश्शाइतकी. मग तिला कशाला मोजायचं?

आता खालची फट बघा. फक्त २ मायक्रॉन. टोकापर्यंतची वाट लांब आणि चिंचोळी. खालची वाट अगदी आखूड, आणि दांडीचं अख्खं पोट तिच्यावर उघडं. आपल्या मापांनी भागाकार केला, तर हवेतून खाली जाणारी वाट टोकांकडच्या वाटेपेक्षा जवळपास तिपटीनं मोकळी निघते. दांडीच्या कडांवरून तिरकी खाली उतरणारी उष्णता अजून यात धरलेलीच नाही. अरुंद दांडीत तीही बरीच असते, म्हणून मॉडेलमध्ये आकाराचा एक वेगळा गुणक घालावा लागतो. एवढ्याशा फटीत हवा खेळत मात्र नाही. त्यामुळे पंख्याखालच्या वाऱ्याची सूत्रं इथे लावली, तर उत्तर हमखास चुकतं.

(दृश्य: तापमानाचे दोन आलेख, एकाखाली एक.)

वरचा आलेख हवेतला: मध्ये सपाट पठार, टोकांशी उतार. खालचा निर्वातातला: मधोमध उंचवटा. व्होल्टेज तेवढंच, तरी निर्वातात मधला भाग कितीतरी जास्त तापतो. साधारण ६०० अंश सेल्सियसच्या पुढे सिलिकॉन कायमचं वाकू लागतं. हवेत नीट चालणारी दांडी निर्वातात त्याच स्विचवर कामातून जाऊ शकते.

आणखी एक गुंता आहे. दांडी तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यानं करंट बदलतो आणि पुन्हा तापमान. म्हणून अंदाज धरायचा, सोडवायचं, आलेलं तापमान घालून परत सोडवायचं. आकडे हलायचे थांबेपर्यंत. सप्लायही सांभाळून निवडावा लागतो. व्होल्टेज कायम ठेवलं तर वाढता रेझिस्टन्स पॉवर आपोआप कमी करतो. करंट कायम ठेवला तर पॉवर चढत जाते.

उत्तर बरोबर आलं की नाही, हे तपासणार कसं? इथे थर्मामीटर लावायला जागा नाही. रेझिस्टन्सवरून फक्त सरासरी कळते. जागोजागचं तापमान हवं असेल तर दांडीवर लेझरचा ठिपका टाकून रामन परिणामाची मदत घेतात: सिलिकॉन तापेल तशी त्यानं विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातली रेघ जागची सरकते.

(दृश्य: तोच छेद. फट हळूहळू रुंदावते.)

मग फट वाढवून वीज वाचवावी का? वाचते, नक्की वाचते. पण बंद केल्यावर दांडी गार होते तीही याच वाटेनं. फट रुंद केली की परत यायला वेळ लागतो, आणि सेकंदाला शेकडो वेळा हलायचं असेल तर तो वेळ परवडत नाही. अशा दांडीनं चिपवरचा एखादा चिमुकला आरसा एकदा वळवून तसाच धरून ठेवायचा असेल, तर खुशाल रुंद ठेवा.