रात्री तीनची साखर

नमस्कार श्रोतेहो. मी मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करते. आज बोलायचंय ते दंडाला चिकटवायच्या, दिवसरात्र साखर मोजत राहणाऱ्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या सेन्सरबद्दल. दवाखान्यात सगळे त्याला सीजीएम, म्हणजे कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर, म्हणतात.

माझ्याकडे एक काकू येतात, सत्तरी ओलांडलेल्या. उपाशीपोटीची साखर ९६, एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.८. रिपोर्ट बघून घरचे खूश. काकूंची तक्रार एकच, पहाटे उशीचा अभ्रा घामाने ओला असतो आणि डोकं जड होतं. सूनबाईंना वाटलं, उकाड्याने होत असेल. आम्ही १४ दिवसांचा सेन्सर लावला. आलेखात रात्री तीनच्या सुमाराला रेघ थेट ५८ पर्यंत खाली गेलेली, आणि तीही चार रात्री.

सेन्सर अंगाखाली दाबला गेला तर खोटीच कमी साखर दाखवतो. म्हणून आधी विचारलं, "काकू, झोपता कोणत्या कुशीवर?" सेन्सर डाव्या दंडावर होता आणि काकू झोपायच्या उजव्या कुशीवर. तरी खात्रीसाठी तीनचा गजर लावून बोट टोचून बघायला सांगितलं. आकडा आला ६१. मी संध्याकाळची गोळी कमी केली.

उपाशीपोटी एक आणि जेवणानंतर एक अशा दोन तपासण्यांत ही रात्र कधीच सापडली नसती. एचबीएवनसी तर साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. चढ आणि उतार एकमेकांना झाकतात, सरासरी छान दिसते.

सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते. ती रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. तिथे बदल पोहोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. हा उशीर लक्षात ठेवा. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघायचं. त्या वेळी सेन्सरवर विसंबलात तर आकडा अजून खालीच दिसेल, घाबरून पेढे खाल आणि तासाभराने साखर ३०० वर जाईल. हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

काकूंच्या आलेखातली दुसरी गोष्ट एकादशीची. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर तासाभरात साखर २५० वर. पिठलं-भाकरीच्या दिवशी १६५. काकूंना फार वाईट वाटलं, उपवासाचं काही सोडवेना. मग त्यांनी अर्धी वाटी खिचडी, सोबत दही, आणि नंतर वीस मिनिटं गच्चीवर चालणं असा बेत केला. रेघ १९० च्या आतच वळली. आपली शतपावली किती कामाची आहे, हे काकूंना माझ्या सांगण्यापेक्षा त्या रेघेने जास्त पटवलं.

प्रत्येक चढाला मात्र धसका घेऊ नका. जेवल्यावर साखर वाढणारच. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्के वेळ, म्हणजे जवळजवळ १७ तास गेले, तर बहुतेकांसाठी ते उत्तम. काकूंच्या वयाच्या नाजूक रुग्णांना निम्मा दिवस पट्ट्यात असला तरी चालतं, पण ७० च्या खालचा वेळ दिवसाला पंधरा मिनिटांहून जास्त नको. म्हातारपणी साखर उतरण्याची मला जास्त भीती वाटते. चक्कर आली, पडलं, की खुब्याचं हाड मोडतं.

सेन्सर काही हजारांना पडतो, प्रत्येकाला कायम परवडणारा नाही. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहाच्या मुलांना आणि दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना तो शक्य तितका सतत हवा. गोळ्यांवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून अधूनमधून लावला तरी पुष्कळ कळतं. फक्त ते १४ दिवस नेहमीसारखे जगा. डॉक्टरांना दाखवायचंय म्हणून भात सोडू नका. आणि एक वही ठेवा. किती वाजता काय खाल्लं, गोळी कधी घेतली, चाललात का, झोप लागली का, सगळं लिहा. येताना आलेखासोबत ती वहीही आणा. वहीशिवाय आलेख वाचताना मलासुद्धा नुसता अंदाजच बांधावा लागतो.