देवाला विचारायचं नाही, सांगायचं

श्रोतेहो, नमस्कार. मी काळाचौकीच्या चाळीत राहणारी एक आजी. आमच्या आठ महिन्यांच्या नातीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सिंधुदुर्गातून धाकट्या दिरांचा फोन आला. म्हणाले, ‘‘वहिनी, रवळनाथाक कौल लावूया. ऑपरेशन करूचा की नाय, तो सांगात.’’ कोकणाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते, रवळनाथ म्हणजे आमचा गावचा देव, आणि कौल लावायचा म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार.

आमचे हे देवभोळे. गिरणीत होते तेव्हा पहिल्या पाळीला निघतानाही देवाला हात जोडल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. पण त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि भावाला म्हणाले, ‘‘कौल नको. गाऱ्हाणा घाल. ऑपरेशन करूचा ता ठरला. देवाक इचारूचा नाय, सांगूचा.’’

मग गावच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला घातलेलं साकडं, झालं. आम्ही सगळे मोबाइलभोवती बसून ऐकत होतो. ‘‘डाक्तराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!’’ आणि मागून सगळ्या मंडळींचं, ‘‘व्हय म्हाराजा!’’ माझ्या सुनेने त्या दिवशी पोटभर जेवण केलं. कौल लावला असता आणि नेमकी डावी पाकळी पडली असती, तर? ऑपरेशन तरी केलंच असतं, पण मनात अढी घेऊन. देवावर विश्वास असणं वेगळं आणि निर्णयाचं ओझं त्याच्यावर ढकलणं वेगळं, असं मला तेव्हापासून वाटतं.

आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1888 मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. यात हृदयात चार दोष एकत्र असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, अंगभर रक्त नेणारी मोठी वाहिनी, महारोहिणी, त्या भोकावरच सरकलेली, आणि जोर लावून लावून उजव्या कप्प्याचा स्नायू जाड झालेला. त्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसात पुरेसं न जाता तसंच अंगभर फिरतं. आमची छकुली जोरात रडली की ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे व्हायचे. अशा वेळी बाळाचे गुडघे पोटावरून छातीशी दाबून धरायचे आणि तडक रुग्णालय गाठायचं, हे वॉर्डातल्या सिस्टरने सुनेला करून दाखवलं होतं. घाबरलेल्या बाईने ते किती चटकन उचललं!

त्याआधीच्या खुणा साध्या होत्या. दूध ओढताना कपाळावर घाम, मध्येच दमून सोडून देणं, वजन न वाढणं. ‘अंगावर दूध कमी असेल’ म्हणून अशा गोष्टी घरोघरी सोडून दिल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगते. हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो.

आता एक कडू गोष्ट. आमच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या आणि खाटेशेजारी बसून सुनेला म्हणाल्या, ‘‘ग्रहणात भाजी चिरली असशील.’’ पोरगी गप्प झाली. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘आजी, बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडून जातं.’’ आणि ते ग्रहण तर सातव्या महिन्यातलं! त्या बाईंना मी हा हिशेब फोन करून ऐकवला. रोज पूजा मीही करते, पण आईच्या माथी खापर फोडणारी श्रद्धा माझ्या घरात चालणार नाही. बहुतेक वेळा या दोषांचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. मग आपण कोण न्यायाधीश लागून गेलो?

वॉर्डात मात्र श्रद्धेची दुसरी तऱ्हा बघितली. शेजारच्या खाटेवर भिवंडीचं एक बाळ, गळ्यात माहीमच्या दर्ग्यातला तावीज. वांद्र्याची एक सिस्टर म्हणाली, मी माउंट मेरीला मेणाचं हृदय वाहीन. तिथे पायऱ्यांबाहेर मेणाचे हात, पाय, बाळं, हृदयं विकायला असतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सगळ्यांचे दोरे-ताईत काढायचे होते, जंतुसंसर्ग नको म्हणून. सिस्टर कात्री घेऊन आली आणि माझ्याच हातात दिली. मी छकुलीचा दोरा कापला नाही. नखाने गाठ सोडवत बसले, तिने घाई केली नाही. करगोटा, काळा दोरा, दृष्टीचे मणी, सगळं एका पाकिटात घातलं आणि वर नाव लिहिलं. भिवंडीच्या बाळाच्या आईने तिचं पाकीटही माझ्याकडेच सांभाळायला दिलं.

आम्हा परळ-लालबागच्या माणसांची डॉक्टरांवरही पिढीजात श्रद्धा. याच परळमध्ये, केईएम रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हृदयप्रत्यारोपण केलं होतं. जगातलं पहिलं दक्षिण आफ्रिकेत होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला, पण माझे सासरे ती गोष्ट घरची असल्यासारखी सांगायचे.

पैशाचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. अंगणवाडीतली तपासणी त्यातलीच. शिवाय उपचाराच्या खर्चासाठी सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यासही गरजू रुग्णांना मदत देतो. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा, अर्ज तेच भरून घेतात. रेशनकार्ड जवळ ठेवा. आणि रक्त लागतं. आमच्या मंडळाची पोरं मांडवाचं काम टाकून रक्तपेढीत रांगेला उभी राहिली.

ऑपरेशनला काही तास लागले. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम यंत्राने केलं. पडद्याच्या भोकाला ठिगळ लावलं, वाट रुंद केली. बाहेर हे जपमाळ ओढत होते आणि मध्येच उठून चहा आणत होते, सगळ्यांसाठी, ओळख नसलेल्यांसाठीही.

छकुली आता घरी आहे, ओठ गुलाबी आहेत. पण डॉक्टर म्हणाल्या, झडप थोडी गळते, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहायचं, तपासणी जन्मभराची. दातांची स्वच्छता सांभाळायची, कारण तोंडातले जंतू हृदयापर्यंत जाऊ शकतात. हे सगळं सुनेने वहीत लिहून घेतलंय.

त्या ग्रहणवाल्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. छातीवरचा व्रण बघून म्हणाल्या, ‘‘मुलीची जात, लग्नाचं कसं व्हायचं?’’ मी म्हटलं, ‘‘आधी पोरीला चालायला तर लागू दे!’’ नमस्कार.