मारवाडी घोडी: सौदा आणि सांभाळ

श्रोतेहो, नमस्कार. दत्तजयंती जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. तेथे काठियावाडी असतात, पंजाबी असतात, पांढरेशुभ्र नुकरे असतात. परंतु खरी गर्दी जमते ती कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणाऱ्या मारवाडी घोड्यापुढे. जोधपूरकडच्या रजपूत सरदारांच्या पागेत वाढलेले हे वाण संस्थाने गेल्यावर विरळ झाले होते. आता त्याला पुन्हा चांगले दिवस आले आहेत आणि दिवसांबरोबर भावही आला आहे.

वर्तमानपत्रांत दरवर्षी एखाद्या घोड्याची किंमत कोटींच्या घरात छापून येते. ती बहुधा मालकाने सांगितलेली किंमत असते, झालेल्या सौद्याची नसते, हे लक्षात असू द्यावे. सौदा ठरतो तो उंची, रंग, आईबापांची नोंद, चाल आणि अंगावरचे भोवरे यांवर. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला तर भाव चढतो, डोळ्याखाली भोवरा असला तर तेच जनावर पडत्या भावात जाते. पायांऐवजी केसांची वळणे पाहून पैसे मोजणे मला कधीच पटलेले नाही. मात्र ज्यांना ते पटते त्यांच्या कृपेने इतरांना चांगली घोडी स्वस्तात मिळते, हेही खरे.

माझ्या परिचयाचे रावेरकडचे एक केळीबागायतदार आहेत. एका वर्षी भाव बरा मिळाला आणि ते मामांना घेऊन सारंगखेड्याला गेले. मामांनी तरुणपणी मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेली. काळी, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेली, घोडी पसंत पडली. व्यापाऱ्याने सात लाख सांगितले. मामांनी तिचे ओठ वर करून दात पाहिले, पाच वर्षांची खात्री करून घेतली, चारही खुरांवर हात फिरवला आणि तिला रेतीत चालवून आणली. मग रुमालाखाली बोटे दाबून गुपचूप भाव करणे सुरू झाले आणि सूर्य कलता कलता सव्वाचार लाखांवर हात मिळाले. भाचा खुशीत आला. मामांनी मात्र खिशातून लग्नाची एक जुनी पत्रिका काढली आणि तिच्या मागे महिन्याचा हिशेब मांडला: चारा आणि दाणा दहा हजार, मोतद्दाराचा पगार बारा हजार, लस, जंताचे औषध व मलमपट्टी दोन हजार, नालबंदाचे हजार. महिन्याला पंचवीस हजार, वर्षाला तीन लाख. मामा म्हणाले, “सव्वाचार लाख ती तुझ्या दारात यायचे दिलेस. आता ती दारात राहायचे दे.”

घोडी घरी आली. आईने औक्षण केले, आणि बैलपोळ्याला बैलांचे करतात तसेच कौतुक करायचे म्हणून पुरणपोळ्या चारल्या, वर घमेलेभर भिजवलेला गहूही घातला. रात्री घोडी पाय आपटू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली, लोळण घेऊ लागली. घोड्याला उलटी होत नाही, श्रोतेहो. पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते, आणि सरकले नाही तर पोटशूळ त्याचा जीव घेतो. तालुक्याहून डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून पॅराफिन तेल सोडले. मोतद्दार पोरगा तिला अंगणात फिरवत राहिला. सगळे घर ओसरीवर जागे बसले होते आणि लाखांच्या त्या घोडीने लीद टाकावी म्हणून दत्ताला साकडे घातले जात होते. पहाटे तिने लीद टाकली तेव्हा आईने खरोखर साखर वाटली. मामांनी शांतपणे पत्रिका काढली आणि डॉक्टरांच्या बिलाची एक ओळ वाढवली.

पुन्हा सांगतो: वर्षाला तीन लाख म्हटले तर दीड वर्षाच्या आत खर्च किमतीच्या पुढे जातो, आणि नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे जगतो. साधारण चारशे किलोच्या जनावराला रोज सात-आठ किलो सुका चारा-दाणा लागतो, तोही दिवसभर थोडा थोडा. नाल सहा आठवड्यांनी बदलावी लागते, मग घोडीवर कोणी बसो वा न बसो.

काहीजण म्हणतात, वरातीला भाड्याने देऊन खर्च काढू. मारवाडी घोडीचे कान पाचर मारल्यासारखे ताठ असतात ते ऐकण्यासाठी. त्या कानांपुढे भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्यांना पाहुण्यांच्या कानांचीही पर्वा नसते, पण तो विषय वेगळा. एवढेच सांगतो की दचकून घसरलेल्या घोडीच्या गुडघ्याचा खर्च एका मोसमाच्या भाड्यातून निघत नाही. शिंगराच्या आशेवरही फार विसंबू नये. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी नोंदणीचा कागद आणि ग्लँडर्स नसल्याचा रक्ततपासणीचा दाखला मागावा, कारण हा रोग माणसालाही होतो. गाडीचे भाडे कोणाकडे, ते सौद्यातच ठरवावे. आणि घोडीला सवयीचा असलेला चारा-दाणा निदान आठवडाभर पुरेल इतका बरोबर घ्यावा, नवा चारा हळूहळू मिसळावा. पुरणपोळी घरच्यांनी खावी. नमस्कार.