पाणी कुठवर आलं होतं

नमस्कार मंडळी. आज १२ जुलै. पुण्यात नदीकाठच्या पेठांमधे ज्यांची घरं होती त्यांना या तारखेचं वेगळं काही सांगायला लागत नाही, पानशेत म्हटलं की बास, १९६१ ला ते धरण फुटून पुण्यात पूर आला तो हा दिवस. माझी आई १९६१ ला एकोणीस वर्षांची होती, नारायण पेठेत वाड्यात राहायची, आणि तिच्या तोंडून तो दिवस मी इतक्यांदा ऐकलाय की कधीकधी वाटतं मीच तिथं जिन्यावर उभी होते. पण मी आज बोलणारे ते पुण्याबद्दल नाही. मी जिथं लहानाची मोठी झाले त्या गावाबद्दल बोलायचंय, आणि ते आजच का बोलायचंय ते तुम्हाला ऐकता ऐकता कळेलच.

गावाचं नाव जॉन्सटाउन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲपलाचियन डोंगरांमधे आहे, पिट्सबर्गपासून गाडीनं दीड-दोन तास. बाबांना तिथल्या हॉस्पिटलमधे रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण, मिळाली म्हणून १९७३ साली आम्ही गेलो, मी सात वर्षांची होते. गाव अगदी खोल दरीत, चारी बाजूंनी उभे डोंगर, थंडीत तर ऊन लवकरच डोंगराआड जायचं. स्टोनीक्रीक आणि लिटल कॉनेमॉ अशा दोन नद्या गावातच एकमेकींना मिळतात आणि पुढं तिचं नाव नुसतं कॉनेमॉ. आई पहिल्यांदा तिथं उभी राहिली तेव्हा म्हणाली, अगं हा तर संगम. मग बराच वेळ काही बोलली नाही, नदीच्या दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या उतरत्या भिंतींकडे बघत राहिली.

आम्ही कर्नव्हिल नावाच्या भागात वरचा मजला भाड्यानं घेतला होता. खाली घरमालकीण राहायची, साठीच्या पुढची, स्लोव्हाक घरातली, नवरा पोलादाच्या मिलमधे आयुष्य घालवून वारलेला. तिची नातवंडं तिला 'बाबा' म्हणायची. त्यांच्याकडे आजीला बाबा म्हणतात! माझे बाबा वर आणि त्यांची बाबा खाली, त्यामुळे मी हाक मारली की दोन मजल्यांवरून ओ यायची. तिच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून टोमॅटोच्या रसात शिजवलेले हलूपकी असायचे, आमच्यासाठी ती खिम्याऐवजी मशरूम घालायची, कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं. आणि गॉब. म्हणजे दोन चॉकलेटच्या मऊ केकच्या चकत्या आणि मधे पांढरं क्रीम, त्या भागातला खाऊ, शाळेतून आलं की एक हातात. घर आवरायला ती 'रेड अप' म्हणायची, हा शब्द मी नंतर फिलाडेल्फियात वापरला तर कुणालाच कळेना. त्या डोंगरातली बोलीच वेगळी आहे आणि मला ती अजून येते.

तिच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, अगदी वर, माझा हातच काय आईचाही हात पुरायचा नाही इतक्या वर, पेन्सिलीची एक रेघ होती आणि शेजारी ३६ असं लिहिलेलं. १९३६ च्या मार्चमधे पाणी तिथवर आलं होतं. त्या गावात असं घराघरात आहे. सिटी हॉलच्या कोपऱ्यावर तर खुणा लावल्याच आहेत, सगळ्यात वर १८८९, खाली १९३६, आणि आता त्याखाली १९७७. शाळेतून येताना आम्ही पोरं त्या खुणांखाली उभं राहून उड्या मारायचो, आपण बुडलो असतो का बघायला.

तर १८८९. अमेरिकेत शाळेत हे शिकवतात पण पूरच शिकवतात, धरणाचं फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते. गावाच्या वर, चौदा मैलांवर, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. राज्य सरकारनं कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं. मग रेल्वे आली, कालव्याचं काम संपलं, धरण पडून राहिलं, मधल्या एका मालकानं तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. आणि १८७९ साली ते पिट्सबर्गच्या श्रीमंत लोकांच्या एका क्लबकडे गेलं. मासेमारी आणि शिकारीचा क्लब. ॲंड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, ॲंड्र्यू मेलन असली नावं त्यात. त्यांना उन्हाळ्यात नावा चालवायला तळं हवं होतं, काठावर बंगले हवे होते. त्यांनी डागडुजी केली पण पाइप परत बसवले नाहीत, म्हणजे पाणी वाढलं तर कमी करायचा उपायच नाही. बग्ग्या सहज जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा खाली घेतला. आणि सांडव्याला जाळ्या बसवल्या, का, तर विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत.

बरं, कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. गावातल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मधे आपला इंजिनिअर पाठवून धरण तपासलं होतं, त्यानं दोष दाखवले होते, मॉरेल यांनी दुरुस्तीचा खर्चही वाटून घेऊ म्हटलं होतं. क्लबकडून उत्तर आलं की तुम्हाला आणि तुमच्या माणसांना आमच्यापासून काही धोका नाही. हे पत्र मी नववीत असताना म्युझियममधे वाचलं आणि मला तिथंच रडू आलं होतं, आजही हे सांगताना माझा आवाज बदलतो, ऐकणाऱ्यांनी समजून घ्या.

३१ मे १८८९, शुक्रवार. रात्रभर पाऊस पडलेला. सकाळपासून धरणावरची माणसं माती टाकतायत, सांडवा मोकळा करू बघतायत, खाली तारा पाठवल्या, पण दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच की धरण फुटणार, म्हणून खाली कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला धरण गेलं. दोन कोटी टन पाणी. दरीतून येताना गावंच्या गावं, झाडं, रेल्वेची इंजिनं, आणि एका तारेच्या कारखान्यातली मैलोगणती काटेरी तार, सगळं बरोबर घेत ते पाणी चारच्या नंतर काही मिनिटांनी जॉन्सटाउनवर आलं. वाटेत जॉन हेस नावाच्या इंजिन ड्रायव्हरनं शिट्टी बांधून ठेवली आणि इंजिन वाजवत वाजवत पळवलं, त्या शिट्टीनं कित्येक लोक डोंगराकडे पळाले. गावाच्या खालच्या अंगाला रेल्वेचा दगडी पूल आहे, तो टिकला, आणि टिकला म्हणून सगळी घरं, लाकडं, माणसं त्याच्यापाशी अडकली, आणि रात्री त्या ढिगाला आग लागली. पाण्यातून वाचलेली माणसं तिथं जळून गेली. तो पूल अजून आहे, मी त्याच्याखालून शेकडो वेळा गेलेय, आई मात्र कधीही त्याच्याकडे बघायची नाही.

२,२०९ माणसं गेली असा आकडा लागला. ९९ घरं अशी की त्यातलं कुणीच उरलं नाही. व्हिक्टर हायझर म्हणून सोळा वर्षांचा मुलगा, वडिलांनी घोडे सोडायला गोठ्यात पाठवलं होतं, तो गोठ्याच्या छपरावर चढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर आईवडिलांसकट घर गेलं. तोच पुढं डॉक्टर झाला, कुष्ठरोगावर त्यानं मोठं काम केलं. आणि लेरॉय टेम्पल नावाचा एक माणूस, ज्याचं नाव मेलेल्यांच्या यादीत होतं, तो अकरा वर्षांनी गावात परत उगवला! ढिगातून बाहेर पडून दरीतून चालत सुटला होता तो थेट मॅसॅच्युसेट्सपर्यंत गेला होता. मला हा माणूस फार समजतो. काही लोकांना मागं बघवत नाही.

डोंगरावर ग्रँडव्ह्यू नावाचं कब्रस्तान आहे, तिथं ज्यांची ओळख पटली नाही अशा ७७७ जणांना पुरलंय. पांढऱ्या संगमरवरी दगडांच्या रांगा आणि एकाही दगडावर नाव नाही. मे महिन्याच्या शेवटी शाळेतून आम्हाला तिथं न्यायचे. क्लारा बार्टन, अमेरिकेतल्या रेड क्रॉसच्या संस्थापक, त्या वेळी सदुसष्ट वर्षांच्या होत्या, त्या पाच दिवसात आल्या आणि साधारण पाच महिने राहिल्या. कार्नेगीनं गावाला नवीन लायब्ररी बांधून दिली, आता तिथंच पुराचं म्युझियम आहे. कोर्टात मात्र क्लबकडून एकाही माणसाला भरपाई मिळाली नाही.

मग १८९१ मधे गावानं इन्क्लाइन बांधली. डोंगराच्या अंगावरून सरळ वर जाणारे रूळ, दोन मोठे डबे, एक वर गेला की दुसरा खाली, इतका चढ की पहिल्यांदा बसताना पोटात गोळा येतो, आणि आत माणसंच नाही तर मोटारसुद्धा बसते. वर वेस्टमाँटला राहायला गेलेल्या लोकांसाठी होती. १९३६ च्या पुरात सुमारे चार हजार लोक तिच्यातून वर गेले, त्यात आमची खालची बाबा होती, कडेवर वर्षाचं मूल आणि हातात शिवणाचं मशीन. मशीन का घेतलं म्हणून विचारलं तर म्हणायची, हप्ते फिटायचे होते. त्या पुरानंतर राज्यानं मदतीसाठी दारूवर १० टक्के तात्पुरता कर लावला, तो आज १८ टक्के आहे, पेनसिल्व्हेनियात अजून भरतात. आणि लष्कराच्या इंजिनिअरांनी नद्यांना त्या काँक्रीटच्या भिंती घातल्या आणि गाव पूरमुक्त झालं असं सगळीकडे सांगितलं गेलं. बाबाचा त्याच्यावर देवासारखा विश्वास होता.

१९ जुलै १९७७ ची रात्र. मी अकरा वर्षांची. संध्याकाळपासून विजा, आणि ढग जागचे हलेचनात, रात्रभरात बारा इंचांच्या आसपास पाऊस. माझे बाबा हॉस्पिटलमधे ड्यूटीवर. लाइट गेले. मध्यरात्रीनंतर कधीतरी आई उठून बसली, पावसाचा आवाज तर होताच, पण तिला वास आला. गढूळ पाण्याचा, मातीचा, गटाराचा मिळून एक वास असतो, ती म्हणाली मुठेला होता तोच. ती टॉर्च घेऊन खाली धावली. तळघरात पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं. बाबा म्हणाली, काही नाही, गटार तुंबलंय, हे गाव पूरमुक्त आहे. आईचं इंग्लिश तेव्हा फार नव्हतं. तिनं बाबाचा दंड धरला आणि मराठीत ओरडली, अहो चला वर, चला म्हणते ना! आणि अक्षरशः ओढत वर आणली. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात पाणी.

सकाळी खिडकीतून रस्ता दिसेना, मोटारी एकमेकींवर चढलेल्या. त्या रात्री गावाच्या आसपासची सहा धरणं फुटली, लॉरेल रनचं सगळ्यात मोठं, ऐंशीच्या वर माणसं गेली. माझे बाबा तीन दिवसांनी चालत घरी आले, दाढी वाढलेली, आणि आईला बघून जिन्यातच बसले.

पाणी उतरल्यावर चिखल. काळा, तेलकट, घोटाघोटाला धरून ठेवणारा. बाबाच्या तळघरात तिनं वर्षभराचं भरून ठेवलेलं, पीच, बीट, काकड्या, काचेच्या बरण्या. आई आणि ती दोघी अंगणात पाटावर बसून, हो, आईनं पाट नेला होता पुण्याहून, एकेक बरणी ब्लीचच्या पाण्यात धूत होत्या. मग माणसं आली आणि म्हणाली की पुरातलं काही खायचं नाही, टाकून द्या. बाबा एक शब्द बोलली नाही. आईनं तिच्यासमोर एक बरणी उघडली नाही की ओतली नाही, सगळ्या नीट पुसून, झाकणं घट्ट करून, रांगेत रस्त्याकडेला ठेवल्या. म्हणाली, आपल्याकडचे वाडे पाणी ओसरल्यावर पडले गं, मातीच्या भिंती, रात्रभर धप्प धप्प आवाज यायचे. यांचं घर उभं आहे.

त्यानंतर बाबानं पेन्सिल आणून आईच्या हातात दिली. चौकटीवर चिखलाची रेघ होती त्याच्यावरून आईनं पेन्सिल ओढली, माझ्या हनुवटीपाशी आली, आणि शेजारी देवनागरीत लिहिलं, २०-७-७७. बाबानं ते आकडे बघितले आणि मान हलवली.

पुढचं गावानं सोसलं ते पाण्यापेक्षा हळू होतं. १८५२ पासूनचा लोखंड-पोलादाचा धंदा, रेल्वेचे रूळ, तारा, चाकं, आणि १९९२ मधे बेथलेहेम स्टीलनं तिथलं काम बंद केलं. १९२० मधे ६७ हजारांचं गाव, २०२० च्या जनगणनेत १८ हजारांच्या आसपास. पोरं सगळी बाहेर गेली, मीपण गेले. माझे बाबा गेले, खालची बाबा गेली, आई माझ्याकडे आली आणि चार वर्षांपूर्वी तीही गेली.

मागच्या ऑक्टोबरमधे मी गेले होते. आमचं घर नाहीये. त्या गल्लीत एक घर आणि दोन रिकामे प्लॉट असं झालंय, पाडून टाकलीत, नुसतं गवत. जिथं स्वयंपाकघराचं दार असेल तिथं अंदाजानं उभी राहिले आणि हात आडवा धरून बघत होते, तेव्हा हनुवटीला होतं म्हणजे आता कुठं येईल. शेजारच्या पोर्चवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी विचारलं काही हरवलंय का. मी म्हटलं नाही हो, पाणी कुठवर आलं होतं ते बघतेय. ते उठले, काठी टेकत आपल्या पोर्चच्या खांबापाशी गेले आणि हात ठेवून म्हणाले, सत्त्याहत्तरचं इथं. मग काठी वर उचलून छताला लावली. छत्तीसचं इथं, माझ्या वडिलांनी दाखवलेलं.