निर्दोष ठरल्यानंतरचा दावा

(दृश्य: तिरुवनंतपुरम शहर. १९९४ मधल्या वृत्तपत्रांचे मथळे.)

३० नोव्हेंबर १९९४. केरळ पोलिसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक केली. उपग्रह अवकाशात नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातलं ‘विकास’ इंजिन घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांच्यावर आरोप होता रॉकेटचं तंत्रज्ञान परदेशाला विकल्याचा. त्यात क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचं तंत्रज्ञानही होतं, जे तेव्हा भारताच्या हाती आलेलंच नव्हतं!

नारायणन पन्नास दिवस कोठडीत होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि १९९६ मध्ये सीबीआयने न्यायालयात सांगितलं, आरोप खोटे आहेत. तरीही राज्य सरकारला नव्याने तपास करायचा होता. तो डाव १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला आणि खर्चापोटी एक लाख रुपये द्यायला लावले.

बातम्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. नारायणन यांच्या दृष्टीने मिटलं नव्हतं. ‘याने गुन्हा केला नाही’ एवढंच सिद्ध झालं होतं. ‘याच्यावर अन्याय झाला, आणि तो अमक्याने केला’ हे कुणीच म्हटलेलं नव्हतं. ते वदवून घ्यायला दिवाणी न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं.

(दृश्य: दिवाणी न्यायालयाचा व्हरांडा. कागदांचे गठ्ठे.)

आणि तिथे पारडं उलटं असतं. फौजदारी खटल्यात सगळं सिद्ध करायचं ते सरकारने. इथे वादी तुम्ही. निर्दोष सुटल्याचा निकाल हातात असला तरी तेवढ्याने भागत नाही. खटला समोरच्यानेच भरायला लावला, त्याला सबळ कारण नव्हतं आणि मनात आकस होता, हे तुम्हीच दाखवायचं. दुसऱ्याच्या मनातला आकस पुराव्याने कसा दाखवणार? वर्षानुवर्षं साक्षी चालतात त्या यासाठीच.

मुदतही लक्षात ठेवायला हवी. बेकायदा कोठडीसाठीचा दावा सुटकेपासून एका वर्षात, खोट्या खटल्यासाठीचा दावा तो खटला संपल्यापासून एका वर्षात. सरकारवर दावा लावायचा तर त्याआधी दोन महिन्यांची नोटीस. तुरुंगातून बाहेर आलेला माणूस त्या वर्षात नोकरी शोधेल, मुलीच्या शाळेत जाऊन तोंड दाखवेल, की वकील गाठेल?

नारायणन यांनी तिरुवनंतपुरमच्या न्यायालयात दावा लावला, मानवी हक्क आयोगाकडेही दाद मागितली. आयोगाने २००१ मध्ये दहा लाखांची अंतरिम भरपाई ठरवली. त्यासाठीही उच्च न्यायालयाचा आदेश यावा लागला, तो २०१२ मध्ये. १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक होती असं स्पष्ट म्हटलं, पन्नास लाख द्यायला सांगितले आणि दिवाणी दावा चालू ठेवायलाही मोकळीक दिली. अखेर २०२० मध्ये केरळ सरकारने तडजोडीचे एक कोटी तीस लाख दिले.

ही रक्कम सरकारी तिजोरीतून गेली. म्हणजे जनतेच्या खिशातून. हे मला फार खुपतं.

याच प्रकरणात अटक झालेले के. चंद्रशेखर एका रशियन अवकाश संस्थेचे भारतातले प्रतिनिधी होते. २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ते बेशुद्धावस्थेत होते. दोनच दिवसांनी ते गेले. मालदीवच्या दोन महिलांनी तर तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. त्यांची नावं किती जणांना आठवतात?

(दृश्य: विधी आयोगाचा अहवाल.)

ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने, म्हणजे कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, २७७ व्या अहवालात शिफारस केली, की खोट्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा आणि विशेष न्यायालयं हवीत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. कुणी विनाकारण दुसऱ्याला पोलिसांकरवी अटक करवली, तर दंडाधिकारी भरपाई देऊ शकतात, ही जुनी तरतूद तिच्यात कायम आहे. भरपाईची कमाल मर्यादाही तीच राहिली: एक हजार रुपये.